वेरूळचे कैलास लेणे : पाहणे आणि पूजणे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



यंदाच्या वेरूळच्या सहलीवरून आपल्या विहारात बरीच बोलाबोली झाली, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बौद्ध लेणी पाहायला कोणाचीच ना नव्हती. वाद झाला तो सोळा नंबरच्या लेण्यावरून, म्हणजे कैलासावरून. ते शंकराचे देऊळ. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. मग लेकराबाळांना घेऊन तिथे जायचे कशाला, असा काही उपासकांचा सवाल होता. सवाल रास्त होता. त्याला उडवून लावून चालणार नव्हते.

आम्ही त्यावर विचार केला तो असा. प्रतिज्ञेत नको म्हटले आहे ते पूजणे. डोळे मिटून घ्या असे काही त्यात म्हटलेले नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झाला तो तरी मूर्तीच्या ओढीने कुठे होता? आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो नव्हता, हे बाबासाहेबांनी पुढे १९३४ साली दादासाहेब गायकवाडांना पत्रातून स्वच्छ कळवले. प्रश्न माणूस म्हणून पाय ठेवण्याच्या हक्काचा होता. मग ठरले की कैलास बघायचा, पण हात जोडायचे नाहीत, नाणे टाकायचे नाही, आणि बौद्ध लेणी आधी.

खुद्द बाबासाहेबही वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, हे आपल्या तरुण पोरांना फारसे माहीत नसते. साल १९३४. सोबत तीसेक कार्यकर्ते. मुलूख निजामाचा. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून दाराजवळच्या हौदावर मंडळींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून तिथले काही मुसलमान लोक भांडायला आले. मोठी हुज्जत झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला! हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आमची बस त्या किल्ल्याजवळ थांबली तेव्हा हा प्रसंग सगळ्यांना सांगितला. आमच्या बायकांनी तिथे डबे उघडले, पाणी प्यायल्या, आणि कोणी विचारले नाही कोण तुम्ही म्हणून.

आता लेण्यांकडे येऊ. वेरूळला एकूण चौतीस लेणी धरतात. दक्षिणेकडची पहिली बारा बौद्ध, तेरापासून एकोणतीसपर्यंत हिंदू आणि शेवटची पाच जैन. १९८३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. आमच्यासोबत जो वाटाड्या होता तो बोलायला गोड, पण बारा बौद्ध लेणी त्याने घाईत उरकायला घेतली. त्याचे सारे चित्त कैलासात! आम्ही त्याला थांबवले. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराचे झोपडे म्हणतात, तिथे छताला दगडातच लाकडी वासे कोरलेत आणि समोर पाय खाली सोडून बसलेले तथागत धम्म सांगताहेत. तिथे आपण त्रिसरण-पंचशील घेतले. बाराव्या, तीन मजली लेण्याच्या वरच्या माळ्यावर सात-सात बुद्धमूर्तींच्या ओळी आहेत. जिना उंच आहे, तरी म्हाताऱ्या माणसांनीही नेट लावला.

पण सांगायची गोष्ट पाचव्या लेण्याची. आत लांबलचक सभागृह, आणि मधोमध दोन बुटके दगडी बाक थेट आतपर्यंत गेलेले. भिक्खूसंघ दोन्हीकडे बसून जेवत किंवा अध्ययन करत असावा. या लेण्याचे लोकांच्या तोंडी नाव काय? तर ‘महारवाडा’. इंग्रज अमदानीतल्या पुस्तकांतही तेच छापले आहे. वाटाड्याने ते नाव जरा हसून घेतले, मग आमच्याकडे पाहून गप्प झाला. आम्ही म्हटले, भाऊ, लाजू नको, नीट सांग. ज्या सभागृहात श्रमण एका ओळीत बसले, त्याला नंतरच्या लोकांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव द्यावे, यातच मधल्या काळात काय घडले ते दिसते. एवढा मोठा धडा शाळेच्या पुस्तकात आम्हाला मिळाला नाही.

मग कैलास. खोटे कशाला बोला, दारातून आत पाऊल टाकल्यावर मंडळी मुकाट झाली. बांधलेले देऊळ नाही ते. डोंगर वरून खाली खोदत नेला आणि मधला दगड देवळाच्या आकारात राखला. चौक सुमारे पावणेतीनशे फूट लांब, दीडशे फूट रुंद, मागची भिंत शंभर फुटांहून उंच. दोन्ही बाजूंना दगडाचे हत्ती आणि उंच स्तंभ. पायथ्याशी हत्तींची रांग, जणू सारे देऊळ पाठीवर पेलले आहे. दक्षिण अंगाला रावण कैलास हलवतो आहे, पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे आणि दासी पळत सुटली आहे. काढून टाकलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा असा अंदाज करतात.

वाटाड्याने गोष्ट सांगितली की एका राणीने कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम केला आणि पैठणच्या कारागिराने म्हणून आधी कळसच कोरला. गोष्ट ऐकायला छान. पण भरवसा ठेवावा तो लेखावर. राष्ट्रकूट घराण्यातला पहिला कृष्ण, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला राजा, याने एलापूरला अद्भुत देऊळ केले असे नवव्या शतकाच्या आरंभीच्या एका ताम्रपटात आहे. त्यात करणारा शिल्पीसुद्धा आपल्याच कामाने चकित झाला असे म्हटले आहे. राजाचे नाव आहे. त्या शिल्प्याचे नाही.

आपल्यातल्या एका आजींनी उमेदीची वर्षे खाणीवर खडी फोडण्यात घालवली. त्या बाकी काही न बघता भिंतीशी गेल्या, टाकीच्या खुणांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घाव वरून खाली आलाय बघा. माणूस वर उभा हुता." दगड तोच, काळा बेसाल्ट, आपल्या खडीचा. आजींनी पुढे विचारले, "पडून किती मेली असतील रं?" वाटाड्याकडे उत्तर नव्हते.

पोरांपैकी काही जण उत्साहाने म्हणू लागली, हे सगळे मुळात बौद्धच होते. तिथे आम्ही त्यांना अडवले. शेजारचे पंधरावे लेणे आधी बौद्ध विहार म्हणून सुरू झाले असावे असे काही अभ्यासक मानतात, तेवढे जरूर सांगावे. कैलास मात्र शंकराचेच देऊळ आहे आणि ते तसेच सांगावे. पुराव्याशिवाय हक्क सांगायची सवय आपण लावून घेतली, तर उद्या आपल्या खऱ्या लेण्यांबद्दलही कोणी ऐकणार नाही. हां, एक गोष्ट मात्र ठणकावून म्हणता येते. भाजे, कार्ले, जुन्नर, पितळखोरे इथे सह्याद्रीचा दगड बौद्ध संघासाठी कितीतरी शतके आधीपासून कोरला जात होता. कैलास काही एका दिवसात आकाशातून पडलेला नाही.

पुढच्या सहलीला जे येणार त्यांच्यासाठी थोडे. मंगळवारी वेरूळ बंद असते. छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटर. सकाळी पहिल्या लेण्यापासून सुरुवात करा, वाटाड्या घाई करू लागला तर पाचव्या लेण्यात बाकावर सरळ बसून घ्या. कैलास पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा तिथे दुपारनंतर जा, उजेड चांगला मिळतो. बाजूच्या वाटेने वर डोंगरावर गेले की सारे लेणे खाली खड्ड्यात दिसते. तिथे मुलांचे हात सोडू नका. आजींनी आत्ताच नाव नोंदवले आहे.

जयभीम.