मुलाला जुलाब लागले की आधी जलसंजीवनी

मुलांच्या आरोग्याविषयी चार गोष्टी सांगा, असं आकाशवाणीनं मला सांगितलं आहे. पावसाळा लागलाय, म्हणून जुलाबांपासून सुरुवात करतो.

मूल दवाखान्यात आणलं की आई म्हणते, "डॉक्टर, आधी शी थांबवा." ताई, शी बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबते. धोका असतो तो शीवाटे जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. ते भरून काढते जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. नुसत्या पाण्यानं हे काम होत नाही. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र पोटात गेली, की बिघडलेलं आतडंसुद्धा त्यांना आत ओढून घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जातं.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी बनवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात घरच्याच माणसांचे होते, हे लक्षात घ्या. म्हणून मला जलसंजीवनीच्या पाकिटाचं इतकं मोल वाटतं.

पण ते नीट कालवा. मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. पाकिटावर वाचा आणि पाणी मोजून घ्या. "एवढंसं तर पोर, कशाला अख्खं पाकीट फोडायचं?" म्हणून पेल्यात चिमूटभर पूड टाकणारे पालक मला नेहमी भेटतात. असं करू नका हो! दाट झालं तर अपाय, पातळ झालं तर उपयोग नाही. पुन्हा सांगतो, पूर्ण पाकीट, मोजलेलं पाणी. दुधात किंवा सरबतात कालवू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट मिळालंच नाही, तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. आणि दुकानातली गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

आता पाजायचं कसं? वाटी-चमच्यानं, सावकाश. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश, चमचा-चमचा द्या. उलटी झाली म्हणून पाजणं बंद करायचं नाही.

पोटाला आराम म्हणून उपाशीही ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. वरचं खाणाऱ्याला मऊ भात, वरण, दही, केळं द्या.

वेळ संपत आलीय, भराभर सांगतो. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून १४ दिवस पूर्ण द्या, शी थांबली तरी. शी थांबवायची औषधं मनानं देऊ नका. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, शू होईना, काही पिईना, किंवा शीत रक्त दिसलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. तापाबद्दल बोलायचं राहिलंच. ते पुढच्या वेळी. तोवर दोन पाकिटं आजच घरात आणून ठेवा.