‘अहो’, ‘अगं’ आणि पाकिटावरची ‘सौ.’



व्याकरणाच्या पुस्तकात लिंगविचार हे एक छोटेसे प्रकरण असते. घरात मात्र ते प्रकरण कधीच संपत नाही. मराठीत दगड पुल्लिंगी, माती स्त्रीलिंगी आणि लाकूड नपुंसकलिंगी. त्यावरून कुणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. भांडण होते ते हाकेवरून, लग्नपत्रिकेतील नावांच्या क्रमावरून आणि पाकिटावरील उपाधीवरून. पस्तिशीच्या बाईंना भाजीवाल्याने ‘आजी’ म्हटले, तर दोन दिवस घरात त्याच विषयाची चर्चा चालते. नवी सून नवऱ्याला ‘अरे’ म्हणाली, तर सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते. या गोष्टी किरकोळ आहेत, असे म्हणून हसण्यावारी नेता येतात. परंतु माणसे ज्या किरकोळ गोष्टींनी दुखावतात, त्यांत बहुधा काहीतरी किरकोळ नसलेले दडलेले असते.

आधी वृत्तपत्रांत गाजलेला वाद घेऊ. २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी निवडून आल्या आणि ‘महिलेला राष्ट्रपती कसे म्हणायचे’ यावर लेखण्या झिजल्या. वस्तुतः प्रश्न फारसा अवघड नव्हता. संस्कृतात ‘पति’ म्हणजे स्वामी, पालन करणारा. सेनापती, सभापती, कुलपती हे शब्द त्याच अर्थाचे. विवाहातील नवरा हा त्या शब्दाचा एक अर्थ, एकमेव नव्हे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘मेयर’साठी ‘महापौर’ हा शब्द दिला, तेव्हा त्या आसनावर पुरुष बसेल की स्त्री, याची अडचण शब्दाने कधी केली नाही. पदनाम पदाचे असते. तरीही २०२२ साली द्रौपदी मुर्मू यांच्या संदर्भात ‘राष्ट्रपत्नी’ असा शब्द उच्चारला गेला आणि संसदेत गदारोळ झाला. तो शब्द व्याकरणाने चुकीचा होताच. पण लोकांना टोचले ते व्याकरण नव्हे, त्यातील उणेपणा टोचला.

मात्र ‘राष्ट्रपती’वर एवढी शाई खर्च करणाऱ्यांनी आपल्याच तालुक्यातील दुसऱ्या एका शब्दाकडे पाहिले असते तर बरे झाले असते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. सरपंचाच्या खुर्चीवर बाई आली आणि पाठोपाठ एक शब्दही आला : सरपंचपती. कोणत्याही कायद्यात हे पद नाही, तरी ते बैठकीला येते, सह्यांचे कागद चाळते आणि बाईंच्या वतीने बोलते. राष्ट्रपतीतील ‘पती’ म्हणजे नवरा नव्हे, हे विद्वानांनी खूप समजावले. सरपंचपतीतील नवरा म्हणजे स्वामी नव्हे, हे मात्र कुणी समजावायला गेले नाही.

आता घरात येऊ. मराठी दांपत्याच्या बोलण्यात शतकानुशतके एक उतार आहे. ती ‘अहो’ म्हणते, तो ‘अगं’ म्हणतो. तिने नाव घ्यायचे ते फक्त उखाण्यात, तेही लाजत. एरवी ‘हे’, ‘इकडून’, ‘बंड्याचे बाबा’. त्याच्या बाजूलाही गंमत होती. बायकोचा उल्लेख तो ‘कुटुंब’ किंवा ‘आमची मंडळी’ असा करी. एकाच व्यक्तीला अख्ख्या मंडळींची पदवी देणारी ही भाषा! पुढे ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ आले. ‘माझे मिस्टर’ हा प्रयोग इंग्रजी जाणणाऱ्या कुणालाही कळणार नाही. तो शुद्ध मराठी आहे.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. माहेरची यमुना सासरी रमा झाली होती. न्यायमूर्तींचे सारे आयुष्य त्यांनी त्यात उलगडले. पण पतीला नावाने हाक मारण्याचा विचारही त्या लेखणीला शिवत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ सालचा. माहेरची मनू. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात. त्यांच्यावर रागावतात, हसतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकतात. दोन्ही पुस्तके वाचून कोणत्या घरात प्रेम अधिक होते, हे संबोधनावरून सांगून दाखवावे! ते सांगता येत नाही, कारण प्रेमाचे माप संबोधनात नसते. म्हणूनच आजची सून ‘अरे’ म्हणाली म्हणून संस्कार बुडाले, हा निष्कर्ष घाईचा आहे.

या बाबतीत आपल्या परंपरेकडे थोडे नीट पाहिले, तर आदर आणि अनेकवचन यांची सांगड एवढी घट्ट नाही, हे दिसते. मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या वडिलांना ‘अहो बाबा’ आणि आईला ‘ए आई’ अशी हाक होती. आईविषयीचा आदर कमी होता काय? देवाला तर आपण ‘तू’च म्हणतो. पंढरीच्या वाटेवर तर लिंगाचीही उलथापालथ होते. ज्ञानेश्वर पुरुष, पण संप्रदायाने त्यांना ‘माउली’ म्हटले. विठ्ठल देव, पण भक्त त्याला ‘विठाई’ म्हणून साद घालतात. वारीत तर कुणीही कुणाला ‘माउली’ म्हणतो आणि पाया पडतो. समोर पुरुष आहे की स्त्री, तरुण आहे की म्हातारा, याचा हिशेब राहत नाही. मोठ्यांत मोठा सन्मान द्यायचा झाला तेव्हा या समाजाने स्त्रीलिंगी शब्द निवडला. भ्याडपणाला ‘बांगड्या भरल्या’ म्हणणाऱ्या आणि रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा काय रडतोस’ असे दटावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. औरंगजेबाच्या फौजेशी १७०० ते १७०७ अशी सात वर्षे झुंज चालवणाऱ्या ताराराणीच्या महाराष्ट्रात बांगड्यांचा अर्थ भ्याडपणा कसा झाला, हे एक कोडेच आहे.

शिव्यांचीही तीच गत. भांडण दोन पुरुषांचे, आणि उद्धार होतो त्यांच्या आया-बहिणींचा, ज्या त्या वेळी स्वयंपाकघरात असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने आईबहिणींवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला. हे गाव नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेथलेच. दंडाने जीभ सुधारते का, याची शंका रास्त आहे. पण गावाने एकत्र बसून हा विषय बोलण्याजोगा मानला, हे थोडे नव्हे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. लग्नपत्रिका छापायला जाते, तेव्हा वराच्या नावामागे ‘चि.’ आणि वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लिहितात. वराला दीर्घायुष्याचा आशीर्वाद पुरतो. वधूला त्यासोबत सौभाग्याची आकांक्षाही करावी लागते, म्हणजे पुन्हा त्याच्याच आयुष्याची. पुढे तो जन्मभर ‘श्री.’ राहतो. लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., पत्नी गेल्यावरही श्री. ती मात्र कु. असते, मग सौ. होते आणि एके दिवशी, आयुष्यातील सर्वांत मोठ्या दुःखाच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी, तिच्या नावामागची ‘सौ.’ गळून पडते. बँकेचे, सोसायटीचे, भाचीच्या लग्नाचे प्रत्येक पाकीट तिला तेच पुन्हा सांगत राहते. आमंत्रणाची यादी करताना एखादी आत्या हळूच म्हणते, ‘त्यांच्या नावापुढं सौ. नको हं.’ त्यात दुष्टावा नसतो. म्हणूनच ते अधिक बोचते.

याची जाणीव कुणालाच झाली नाही, असे नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्यात ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव चर्चेला आला आणि त्यावर टीकाही बरीच झाली. जुन्या पत्रांतील ‘गं. भा.’ आदराचेच होते, हेतूही चांगलाच असेल; परंतु त्या शब्दानेही स्त्रीची ओळख तिच्या वैधव्यावरूनच होत होती. चिठ्ठी बदलली, खोका तोच राहिला. त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. हेरवाडकरांनी नवा शब्द शोधला नाही. त्यांनी वागणे बदलले.

शब्दाचेच म्हणाल, तर तो आपल्याकडे तयार आहे. ‘श्रीमती’ हे ‘श्रीमान्’चे स्त्रीलिंगी रूप, त्यात कौमार्य, सौभाग्य, वैधव्य यांपैकी काहीही नाही. मराठी व्यवहाराने तो शब्द विधवेच्या वाट्याला टाकला आणि म्हणून आज एखाद्या सुवासिनीला ‘श्रीमती’ लिहिले, की घरचे दचकतात. ही भीती शब्दकोशाची नाही, सवयीची आहे. सर्वांच्याच नावामागे ‘श्रीमती’ लागू लागले, तर दोन लग्नसराईत ती नाहीशी होईल.

अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे झाली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्यादेवींनी राज्य केले, घाट बांधले, मंदिरे उभारली, काशी विश्वनाथाची पुनःस्थापना केली. जयंत्या झाल्या, व्याख्याने झाली, पत्रिका छापल्या गेल्या. त्यांच्या नावाआधी ‘सौ.’ लिहावे की ‘श्रीमती’, असा प्रश्न एकाही संयोजकाला पडला नाही. सर्वांनी लिहिले, ‘पुण्यश्लोक’.