साखरपुडा आधी, बैठक नंतर

मुलांना क्लासला सोडण्या-आणण्याच्या फेऱ्या आज नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गळ्यात घालून इथे आलेले मित्रहो,

ऑक्टोबर संपत आलाय, १ नोव्हेंबर तोंडावर आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी आज एक मूल अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशअर्जाचं कॉमन ॲप उघडून बसलेलं असेल आणि त्याच्या खुर्चीमागे कोणीतरी येरझाऱ्या घालत असेल.

या वर्षी मी ईडीवर बोलणार आहे, असं पुण्याच्या दिरांना फोनवर सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, सगळं ठीक आहे ना?" आपली ईडी, म्हणजे कॉलेजप्रवेशातलं अर्ली डिसिजन, छापे घालत नाही. मात्र घरातले आर्थिक कागद तीही मागते, आणि एकदा सही झाली की तिच्या तावडीतून सुटणं तिथल्याइतकंच जिकिरीचं, एवढं साम्य आहे खरं.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्ली डिसिजनमध्ये मूल एकाच कॉलेजला, बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करतं आणि लिहून देतं की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकीचे अर्ज मागे घेईन. त्या करारावर तीन सह्या असतात: मुलाची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. ती तिसरी सही गेली बावीस वर्षं मी करत आले आहे. उत्तर डिसेंबरच्या मध्यावर येतं. तिथे नाही जमलं, तर जानेवारीत अर्ज आणि फेब्रुवारीत उत्तर असा ईडी-टूचा दुसरा डाव असतो. अर्ली ॲक्शन वेगळं. त्यात उत्तर लवकर मिळतं, पण तुम्ही बांधले जात नाही. १ मेपर्यंत विचार करायला मोकळे.

आपल्याकडे लग्न ठरवताना आधी बैठक व्हायची, याद्या व्हायच्या, मग साखरपुडा. त्या याद्यांमधल्या देण्याघेण्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण क्रम शहाणपणाचा होता. ईडीत साखरपुडा नोव्हेंबरात उरकतो आणि बैठक डिसेंबरात होते, तीही एकाच बाजूची.

मेरिट स्कॉलरशिप म्हटलं की आपल्या पिढीला चौथी-सातवीची स्कॉलरशिप परीक्षा आठवते. पेपर दिला, यादीत नाव लागलं, हक्काची रक्कम मिळाली. इथल्या बहुतेक खासगी कॉलेजांची मेरिट त्या जातीची नाही. ती किमतीतली सूट आहे, आणि तिला दिलेलं नाव भारदस्त आहे. कॉलेजांच्या अर्थाधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, नॅकुबो, दरवर्षी याचा हिशेब मांडते. २०२३-२४ मध्ये खासगी कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्कावर दिलेली सरासरी सूट ५६ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे छापील फी ही तुळशीबागेतल्या पहिल्या भावासारखी झाली. आता दुकानदार भाव कोणासाठी उतरवतो? ज्याचं एक पाऊल पायरीवर आहे त्याच्यासाठी. आत शिरताच "हीच साडी घेणार, दुसऱ्या दुकानात पाऊल टाकणार नाही" असं लिहून देणाऱ्याला फार तर चहा मिळेल.

पण "ईडी केलं की मेरिट बुडाली" हे वाक्य व्हॉट्सॲपवर ज्या ठामपणे फिरतं, तितकं ते खरं नाही. अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी गुण आणि परीक्षेचा स्कोअर यांवरून किती रक्कम मिळणार याचा तक्ताच जाहीर असतो, तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. व्हँडरबिल्टच्या पूर्ण शिक्षणशुल्काच्या स्कॉलरशिपना ईडीवाली मुलंही पात्र असतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनपासून सगळी आयव्ही लीग मेरिट देतच नाही. तिथली मदत फक्त गरजेवर. त्यामुळे ब्राऊनला ईडी केल्याने ब्राऊनची मेरिट बुडत नाही. नसलेली वस्तू कशी बुडेल?

शिवाय एक गंमत पाहा. प्रवेश-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना, नॅकॅक, हिच्या आचारसंहितेत एक नियम होता: फक्त ईडीवाल्यांना जादा स्कॉलरशिप, खास वसतिगृह वगैरे आमिषं दाखवायची नाहीत. न्याय खात्याने त्यात मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग पाहिला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लुइव्हिलच्या अधिवेशनात संघटनेने तो नियम काढून टाकला. तेव्हापासून एखाद्या कॉलेजला ईडीच्या मुलांना उलट जास्त द्यायचं असेल, तर आडकाठी नाही. सरकारचा हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. साखरपुडा लवकर करणाऱ्याला अंगठी फुकट, अशी ही स्पर्धा.

मग ईडीत जातं काय? माझ्या मते जातं ते दुसरं पत्र. कॉलेजने तुमच्या मुलाला वर्षाला दहा हजार डॉलर दिले, तर ते पुरेसे आहेत की कमी, हे कळायला शेजारी दुसऱ्या कॉलेजचं पत्र असावं लागतं. एप्रिलमध्ये पालक अशी चार पत्रं डायनिंग टेबलावर पसरतात, त्यातलं एक घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला नम्र ईमेल करतात, आणि कधीकधी आकडा हलतो. ईडीवाल्या घरातल्या टेबलावर एकच पत्र असतं.

सर्वांत मोठा फटका बसतो तो ऑनर्सच्या बाबतीत, आणि आपल्या समाजात याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. हुशार मुलं महागड्या खासगी कॉलेजांकडे जाऊ नयेत म्हणून सरकारी विद्यापीठांनी आपल्या आत छोटी ऑनर्स कॉलेजं उभी केली. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट १९८८ सालचं, पेन स्टेटचं श्रायर १९९७चं. लहान वर्ग, विषयनोंदणीत पहिला नंबर, बऱ्याच ठिकाणी वेगळं वसतिगृह, शेवटच्या वर्षी प्रबंध, आणि पुष्कळदा सोबत स्कॉलरशिप. छापील खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर गेलेल्या खासगी कॉलेजांशी तुलना करायला हाच खरा पर्याय. यातली बहुतेक विद्यापीठं ईडी ठेवत नाहीत, अर्ली ॲक्शन ठेवतात. पर्ड्यूसारख्या ठिकाणी ऑनर्स आणि स्कॉलरशिप यांच्या विचारासाठी १ नोव्हेंबरच गाठावा लागतो. म्हणून मुलं दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात करतात. ते नियमात बसतं. अडचण डिसेंबरात येते. ईडीचं उत्तर मध्यावर येतं, आणि बऱ्याच ऑनर्स कॉलेजांची व मोठ्या स्कॉलरशिपची पत्रं निघतात जानेवारी ते मार्चमध्ये. तोवर तुम्ही अर्ज मागे घेतलेला असतो. दोन-दोन निबंध लिहून, शिफारसपत्रं मिळवून केलेला अर्ज पूर्ण वाचला जाण्याआधीच फाईलबंद होतो.

हे मी दुसऱ्यांना सांगायची, आणि तरी माझ्याच घरात घडलं. धाकटीने ईडी केलं. समुपदेशक आईने आनंदाने पालकाच्या रकान्यात सही केली. १४ डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तर आलं, आरडाओरडा झाला, मी साखरभात केला. दुसऱ्या दिवशी तिने एका सरकारी विद्यापीठाचा ऑनर्सचा अर्ज मागे घेतला; तीन ओळींचा ईमेल, मीच तिला शुद्धलेखन तपासून दिलं. फेब्रुवारीत तिच्या मैत्रिणीला तिथलं ऑनर्स आणि त्याबरोबर निम्मी फी माफ झाल्याचं पत्र आलं. मुलीला काही वाटलं नाही, ती आपल्या कॉलेजच्या नावाचा स्वेटशर्ट घालून फिरत होती. नवऱ्याने मात्र त्या रात्री विचारलं, "आपल्यालाही आलं असतं का गं?" मला सांगता येईना. आजही येत नाही. आम्ही कर्ज फेडलं, मुलीचं चांगलं चाललंय, आणि तो प्रश्न अजून घरात आहे.

कोणी म्हणेल, परवडत नसेल तर करारातून सुटता येतं. येतं. मिळालेली आर्थिक मदत शिक्षण शक्य करण्याइतकी नसेल, तर विद्यार्थी नाही म्हणू शकतो. पण परवडणं कोणाच्या हिशेबाने? न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं दोन पगारांचं घर आर्थिक मदतीच्या सूत्राला सधन दिसतं. सोलापूरला आई-वडिलांच्या औषधपाण्याला दरमहा जाणारे पैसे वेगळे कळवावे लागतात, आणि ते मानायचे की नाही हे कॉलेज ठरवतं. मुख्य म्हणजे ही पळवाट गरजेसाठी आहे. "दुसरीकडे मेरिट जास्त मिळाली असती" हे कारण तिच्यात बसत नाही.

ज्यांची मुलं एच-४ व्हिसावर आहेत त्यांनी तर कान टवकारून ऐकावं. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांतलं मूल इथे पहिलीपासून शिकलेलं असलं, तरी त्याला संघराज्य सरकारची मदत मिळत नाही, आणि अनेक खासगी कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थी धरतात. परदेशी मुलाची गरज न पाहता प्रवेश देणारी कॉलेजं मोजकी. बाकीच्या ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यताच घटते. अशा घराला मेरिट हाच मुख्य आधार, आणि ईडी करून आपण त्यालाच तुलनेबाहेर काढतो.

हा खेळ नवा नाही. जेम्स फॅलोज यांनी २००१ मध्ये अटलांटिक मासिकात यावर झोड उठवली. २००३ मध्ये एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउजर यांनी पुस्तकभर आकडेवारी मांडून दाखवलं की लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅटच्या सुमारे १०० गुणांएवढा आहे. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने लवकरच्या फेऱ्या बंद केल्याची घोषणा केली. पाच वर्षांत तिघंही परतले, आणि २०१९ मध्ये व्हर्जिनियाने बांधील ईडीही पुन्हा आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये ईडीवरून ३२ कॉलेजांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात दावा लागला आहे. लागो. आपली मुलं निकालाची वाट पाहत थांबणार नाहीत, आणि शंभर गुणांची लालूच खरी आहे, हेही मी नाकारत नाही.

महाराष्ट्रात इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडलाही पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीझ होते. भाच्याच्या वेळी मी पाहिलं. बंधन तिथेही आहे. पण शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली त्या कॉलेजची फी पसंतीक्रम भरायच्या आधी पाहता येते. बंधनाबद्दल माझी तक्रार कमी आहे, किंमत नंतर कळण्याबद्दल जास्त आहे.

म्हणून इथल्या समुपदेशकांना एकच विनंती. आपल्या तिसऱ्या सहीला किंमत आणू या. २०११ पासून कायद्याने प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. त्यातला आकडा पालकांनी काढून दाखवल्याशिवाय सही करू नये. अनेक कॅल्क्युलेटर मेरिट धरत नाहीत, म्हणून त्या कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या तारखा आणि मुलाने टाकलेल्या ऑनर्स अर्जांच्या तारखा एकाच कागदावर शेजारी लिहाव्यात. पालकांनी तो कागद बघून सही केली, तर खुशाल करावी. पैशाचा प्रश्नच नसलेली घरं आहेत, आणि पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजात ज्यांना जवळजवळ काहीच भरावं लागणार नाही अशीही आहेत. त्यांना ईडी सोसते. ओढाताण होते ती मधल्यांची, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांची.

माझ्या टेबलावर सध्या चार करार सहीसाठी पडले आहेत. दोन घरांनी आकडे आणून दिले, त्यांच्या सह्या झाल्या. तिसऱ्या आईने कागद घरी नेलाय. चौथं घर एच-४चं आहे; वडील म्हणाले, "मॅडम, आधी लागू तर दे, मग बघू पैशाचं." त्यांना मंगळवारी साडेतीनला बोलावलंय. मुलालाही आणा म्हटलंय, आणि गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्नही.