शून्य कोठे आहे?



बारावीच्या भौतिकशास्त्राचा आरंभ विद्युतभार आणि विद्युतक्षेत्र यांनी होतो. तेथे एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो: दोन विद्युतभार एकमेकांपासून काही अंतरावर ठेवले आहेत, तर त्यांचे एकत्रित क्षेत्र कोणत्या बिंदूवर शून्य होईल? प्रश्न दोन ओळींचा आहे. मात्र विद्यार्थ्याने केवळ सूत्र पाठ केले आहे की मनात चित्र उभे केले आहे, याची पारख तो तत्काळ करतो.

विद्युतक्षेत्राला परिमाण असते तशी दिशाही असते. धनभार दुसऱ्या धनभाराला दूर ढकलतो, ऋणभार त्याला जवळ ओढतो. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र चौथाईवर येते. भार अनेक असतील, तर प्रत्येकाचे क्षेत्र स्वतंत्रपणे काढून त्यांची दिशेसह बेरीज करावी लागते. दोन भारांच्या बाबतीत ती बेरीज शून्य होण्यास दोन अटी आहेत: क्षेत्रे परस्परविरुद्ध दिशांची हवीत आणि परिमाणाने सारखी हवीत.

समजा, ४ एकक आणि १ एकक असे दोन धनभार ३० सेंटीमीटर अंतरावर आहेत. दोघांच्या मधे त्यांचे ढकलणे परस्परविरुद्ध आहे. मोठ्या भारापासून २० आणि लहान भारापासून १० सेंटीमीटरवर ते तुल्यबळ होते. शून्य तेथे आहे. आता लहान भार ऋण केला, तर मधल्या जागेत एक ढकलतो आणि दुसरा त्याच दिशेने ओढतो. तेथे शून्य कधीच सापडणार नाही. ते रेषेवर, लहान भाराच्या पलीकडे ३० सेंटीमीटरवर जाते. ‘शून्य नेहमी मधेच असते’ असे घोकणारा विद्यार्थी येथे अचूक आकडेमोड करूनही चुकतो, कारण दिशेचा बाण त्याने काढलेलाच नसतो.

भार बिंदूवर न राहता पसरलेला असला, तरी नियम बदलत नाही. कड्यावर समान पसरलेल्या भाराचे क्षेत्र कड्याच्या केंद्रात शून्य असते, कारण प्रत्येक तुकड्याला समोरचा तुकडा उत्तर देतो. पोकळ गोलावर भार समान पसरला असेल, तर त्या भाराचे क्षेत्र आतल्या प्रत्येक बिंदूवर शून्य होते.

अशा ठिकाणी शून्य म्हणजे अभाव नव्हे. दोन्ही भार आपापल्या जागी पूर्ण सामर्थ्याने उभे असतात. एक काढून घेतला की शून्यही नाहीसे होते. शिवाय हा समतोल नाजूक असतो. दोन धनभारांमधील शून्यबिंदूवर ठेवलेला लहानसा धनभार जोडरेषेवर थोडा सरकला तर परत येतो. आडवा सरकला तर कायमचा निघून जातो. केवळ स्थिर विद्युतक्षेत्रांच्या आधारे एखादा भार सर्व दिशांनी स्थिर राखता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले.

तरीही एकेका आयनाला अधांतरी धरून ठेवणे शास्त्रज्ञांना साधले. वोल्फगांग पाउल यांनी विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला लक्षावधी वेळा पालटण्याची युक्ती योजली. निसटण्याची वाट क्षणोक्षणी बदलत गेल्याने आयन मधल्या शून्यबिंदूपाशी खिळून राहतो. या कार्यासाठी त्यांना १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या विषयाचा धागा दिल्लीपर्यंत येतो. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे दायित्व येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर आधारलेली आहे. त्याहूनही सूक्ष्म कालमापनासाठी या प्रयोगशाळेने यटर्बियमच्या एका आयनाचे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले. पुण्याच्या आयुकामध्येही यटर्बियम आयनावर असे संशोधन चालते. या यंत्रात बारावीचाच प्रश्न नव्याने उभा राहतो. आसपासच्या पृष्ठभागांवर साचलेले नको असलेले भार आयनाला शून्यबिंदूपासून किंचित बाजूला सारतात. मग तो पालटत्या क्षेत्राबरोबर थरथरू लागतो आणि घड्याळाची अचूकता ढळते. म्हणून जादा विद्युतअग्रांवरील दाब जुळवून तो उपरा रेटा नाहीसा करतात आणि आयनाला पुन्हा शून्यावर आणतात. परीक्षेत शून्यबिंदूला काही गुण असतात. येथे त्यावर काळाचे मोजमाप अवलंबून असते.

दिल्लीसारख्या शहरात मुलाला मराठी शाळेत घालताना अनेक पालकांच्या मनात शंका असते: पुढे विज्ञान इंग्रजीत शिकावे लागेल, मग मूल मागे तर पडणार नाही? शंका रास्त आहे. पारिभाषिक शब्द नव्याने शिकावे लागतात, त्याला श्रम पडतात. परंतु या प्रश्नात विद्यार्थी अडतो तो शब्दापाशी नव्हे, दिशेपाशी. कोण ढकलतो, कोण ओढतो, कोणत्या बाजूला, हे ज्याला आपल्या भाषेत स्पष्ट दिसले, त्याला नवा शब्द शिकायला थोडे दिवस पुरतात. ज्याला ते दिसलेच नाही, त्याला कोणत्याही भाषेतील सूत्र तारू शकत नाही.

म्हणून घरी मूल असे उदाहरण सोडवत असेल, तेव्हा उत्तर काय आले हे पालकांनी नंतर विचारावे. आधी विचारावे, “बाण कोणत्या बाजूला आहेत?” हा प्रश्न विचारण्यासाठी पालकाला भौतिकशास्त्र यावे लागत नाही, आणि त्याचे उत्तर देता देता शून्याची जागा मुलाला पुष्कळदा आपोआप सापडते.