सतरंजीवरून उठताना

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात ‘साठीनंतर योगासनांची सुरुवात’ या विषयावर सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आहेत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. तेहतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली आहेत, त्यामुळे खिडकी वेळेवर बंद करायची सवय आहे. काळजी नसावी.

पहिल्यांदा एक खुलासा. मी योगशिक्षिका नाही. सकाळी गच्चीवर जो वर्ग भरतो त्यात मी पुढे बसते, एवढंच. आज बोलायला उभी राहिले ती, सुरुवात करताना करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी केल्या आहेत, या एकाच अधिकारावर.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात आपल्या पहिल्या गणपतीचा फोटो सापडला. दोन सतरंज्या, त्यावर सगळे मांडी घालून बसलेले, अगदी आजचे आपले अध्यक्षसुद्धा. मागे एकच खुर्ची, सी विंगमधल्या आजींची. मग गेल्या वर्षीचा फोटो बघितला. भाड्याच्या साठ खुर्च्या, आणि सतरंजीवर फक्त मुलं. पंचवीस वर्षांत आपल्याला लिफ्ट आली, पेव्हर ब्लॉक आले, कॅमेरे आले, आणि आपण जमिनीवरून उठून खुर्चीत गेलो ते काही परत खाली आलो नाही.

माझ्या हे लक्षात आलं ते फोटोवरून नाही. सहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या सत्यनारायणाला आम्ही दोघं पूजेला बसलो होतो. पूजा, पोथी मिळून दोन तास झाले. गुरुजी म्हणाले, आरतीला उभे राहा. आमचे हे कसेबसे उभे राहिले. मला मात्र उठताच येईना. पाय माझे, पण ऐकायला तयार नाहीत. गुरुजी थांबले, हातातली घंटा थांबली, आणि ए विंगमधल्या दोन मुलांनी मला काखेत धरून उभं केलं. कुणी हसलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते.

दुसऱ्या दिवसापासून योग सुरू. म्हणजे काय, तर सकाळी टीव्ही लावला आणि समोरचा मुलगा करेल ते करायला लागले. पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार. चौथ्या दिवशी हलासन. लहानपणी शाळेत हलासनात माझा नंबर यायचा ना! पाय डोक्यामागे गेले, मान मात्र तिथेच राहिली. तीन आठवडे पट्टा घालून फिरले. डॉक्टर म्हणाले, “योगाला काही झालेलं नाही, तुमच्या घाईला औषध घ्या.”

त्यानंतर एका वर्गाला नाव घातलं. तिथे चाळीस माणसं आणि एक शिकवणारे. माझा गुडघा बद्धकोनासनात जमिनीला टेकत नव्हता म्हणून त्यांनी वरून हाताने दाबला. त्या रात्री जिना चढताना मी रडले. नाव सांगत नाही, गरजही नाही. पण तुमच्यापैकी कुणीही कुठल्याही वर्गाला गेलात आणि कुणी सांध्यावर जोर द्यायला लागलं, तर सरळ ‘नको’ म्हणा. आपण मोठ्या माणसांना शाळेतल्यासारखं वागायची सवय असते, गुरुजी करतात ते बरोबरच असणार. तसं नसतं.

तिसऱ्या खेपेला ज्या बाई भेटल्या त्यांनी पहिले आठ दिवस काय शिकवलं सांगू? खुर्चीवर सरळ बसणं. भिंतीला टाचा, पाठ लावून ताठ उभं राहणं. नाकाने श्वास घेणं, आणि घेतला त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावून सोडणं. मला वाटलं, पैसे वाया गेले. नवव्या दिवशी लक्षात आलं की बसची वाट बघताना माझे खांदे कानाला चिकटलेले नसतात.

आता थोडी माहिती, कारण ‘खुर्चीवर कसला योग, तो काय खरा योग?’ असं मला आपल्याच लिफ्टमध्ये ऐकवलं गेलं आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांविषयी सूत्रं आहेत जेमतेम तीन. त्यांचा मथितार्थ इतकाच, की आसन स्थिर असावं, सुखाचं असावं, धडपड कमी होत जावी. डोक्यावर उभे राहा असं त्यात कुठेही नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात तर सामान्य माणसाला योग शिकवण्याचं काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं. मुंबईत योगेंद्रजींनी १९१८ साली द योग इन्स्टिट्यूट काढली, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून तपासायला घेतलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार, ते १९३७ साली पुण्याला आले तेव्हा विशीतसुद्धा नव्हते. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळं होऊन गेलेलं. अशा माणसाने पुढे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि साधी खुर्ची वापरून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडून आसनं करून घेतली. तेव्हा खुर्चीला हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं.

पण मला आज खरं बोलायचं आहे ते वेगळंच.

ए विंगमधले आपले एक काका एकटे राहतात. त्यांनी परवानगी दिली आहे म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेबाराच्या सुमाराला ते पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात पडले. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही. फक्त उठता आलं नाही. फोन पलंगावर. हाक मारली, पण सगळ्यांच्या खिडक्या बंद. साडेपाचला दूधवाला आला तेव्हा त्यांनी आतून आवाज दिला. पाच तास थंड फरशीवर. मला म्हणाले, “दुखत काहीच नव्हतं हो. फक्त वाटत होतं की उठता येत नाही म्हणजे संपलंच.”

माझ्या सत्यनारायणाची आठवण मला तेव्हा झाली. मला उचलायला दोन मुलं होती. त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

त्यानंतर गच्चीवरच्या वर्गात मी एक बदल केला. बाईंना विचारूनच केला. आम्ही रोज शेवटची पाच मिनिटं फक्त खाली बसायचा आणि उठायचा सराव करतो. तो कसा, ते नीट ऐका, आणि घरी आई-वडील असतील त्यांना दाखवा.

पडल्यावर लगेच धडपडायचं नाही. आधी पडून राहून श्वास घ्यायचा आणि कुठे जोराचं दुखतंय का ते बघायचं. कंबरेत किंवा खुब्यात जोराची कळ असेल, पाय उचलता येत नसेल, तर उठायचंच नाही. हाका मारायच्या, काहीतरी वाजवायचं, अंगावर चादर, पायपुसणं जे मिळेल ते ओढून घ्यायचं. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं. कोपरावर जोर देऊन अंग उचलायचं. मग हात आणि गुडघे टेकून मांजरासारखं व्हायचं. तसंच रांगत जवळच्या घट्ट खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे. जो पाय जास्त भरवशाचा, त्याचं पाऊल पुढे आणून जमिनीवर रोवायचं आणि हातांनी रेटून वळत खुर्चीवर बसायचं. लगेच उभं राहायचं नाही. चक्कर गेली की मग.

हे वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी आमच्या बाराजणांपैकी सातजणांना कुशीवरून हात-गुडघ्यांवर येताच आलं नाही. त्यांची अडचण गुडघ्यांची नव्हती, दंडात आणि पोटात ताकद नव्हती. म्हणून मग मार्जारासन, भिंतीला हात टेकून दंड, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं, अर्थात भिंत जवळ ठेवून. ज्यांना आसनांची मोठी नावं आवडतात त्यांना हे फार पुळचट वाटतं. काका आता जमिनीवरून दीड मिनिटात उठतात. घड्याळ मी लावलं होतं. फोनही गळ्यात अडकवतात, ते वेगळं.

ब्राझीलमधले डॉक्टर क्लाउडिओ अराउजो यांनी याच गोष्टीची एक चाचणी केली आहे. उभ्याने जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. प्रत्येक हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना असं बसवलं-उठवलं होतं, आणि ज्यांचे गुण फार कमी होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. घाबरू नका, गुण कमी म्हणून माणूस मरत नाही. ताकद, तोल, लवचीकपणा किती शिल्लक आहे त्याची ती खूण. आमचे हे लगेच घरी करून बघायला निघाले. शेजारी कुणीतरी उभं असल्याशिवाय करू नका. माझे पहिल्यांदा चार आले होते. आता साडेसहा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी भराभर सांगते. जेवणानंतर तीन-चार तास आसनं नाहीत. सकाळचा अर्धा कप चहा मी अर्धा तास आधी घेते, शास्त्रात बसत नसेल तरी. मॅट घेतलीत तर ती सतरंजीवर टाकू नका, घसरते. पायात मोजे नकोत, तेही घसरतात. पहिला महिना पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. श्वास अडकला, तोंडाने धापा टाकाव्या लागल्या, की समजायचं आपण पुढे गेलो. ताण आणि दुखणं यांतला फरक शिका. ताण स्नायूत पसरलेला असतो आणि आसन सोडलं की जातो. सांध्यात टोचलं, मुंग्या आल्या, विजेसारखी कळ गेली, तर तिथेच थांबा.

ब्लडप्रेशर असेल तर श्वास कोंडून ठेवायचा नाही आणि डोकं खाली, पाय वर असलं काही नाही. काचबिंदू असेल तर तेच. मानेचा त्रास असणाऱ्यांनी सर्वांगासन आणि हलासन विसरावं, माझ्याकडे बघून. हाडं ठिसूळ झाली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर कंबरेतून खोल पुढे वाकणं टाळा. गुडघा बदलला असेल तर वज्रासन नको, आणि मांडीबद्दल ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा.

आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे मी मुद्दाम आवाज चढवून सांगते. आपल्याच एका वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचून, प्राणायाम सुरू केला म्हणून प्रेशरची गोळी सोडली. सहाव्या दिवशी गच्चीवरच डोकं गच्च झालं, गरगरायला लागलं. खाली आणून मोजलं तर वरचा आकडा १९०. डॉक्टरांनी तपासून डोस कमी केला तर गोष्ट वेगळी, तो त्यांचा निर्णय.

शवासनात झोप लागली तर लाजू नका. दोन घोरणारे नियमित आहेत, त्यांची नावं मी घेणार नाही, ते स्वतःच हसतायत.

वर्ग सोमवार ते शनिवार, सकाळी सव्वासहा ते सात, फी नाही. पावसाळ्यात याच सभागृहात. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. पूर्वी गच्ची उघडायची की नाही यावर कमिटीत तीन मीटिंगा झाल्या होत्या. उघडली, टाकीचं झाकण अजून जागेवर आहे. येताना एक जाड चादर आणा. गुडघेदुखीवाल्यांनी दोन.

आता कमिटीला दोन विनंत्या. आम्हाला लोखंडी, घडी न होणाऱ्या, हात नसलेल्या सहा खुर्च्या हव्यात. प्लॅस्टिकच्या वाकतात आणि त्यावर जोर देऊन उठणं धोक्याचं आहे. आणि शेवटच्या मजल्यावरून गच्चीवर जाणाऱ्या अकरा पायऱ्यांना उजव्या बाजूने कठडा नाही. दोन वार्षिक सभांत तो विषय ‘पुढील सभेत’ म्हणून गेला आहे. ए विंगमधले काका रोज डावीकडच्या भिंतीला हात लावत चढतात, आणि उतरताना ती भिंत उजवीकडे येते, त्यांचा उजवा हात अधू आहे. कोटेशन मी आणलं आहे, या फाइलमध्ये आहे. भाषण झाल्यावर सेक्रेटरीसाहेबांना देते.