प्रेक्षकाने नेमके काय विकत घेतले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकताच आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. वेतन, भाववाढ, जमीन हे प्रश्न बाजूला ठेवून अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या धंद्याचे पुराण आज कशाला, असाच त्या स्मिताचा अर्थ असावा. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका न्यायालयीन निकालापासून सुरू करतो.

२ मे २०१५ रोजी लास व्हेगास येथे फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत झाली. ती व्हावी म्हणून मुष्टियुद्धाचे चाहते पाच वर्षांहून अधिक काळ वाट पाहत होते. दरम्यान दोघांचीही उमेदीची वर्षे सरली. अखेर लढत ठरली तेव्हा सभागृहातील हजाराहूनही कमी तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली आणि ती पाहता पाहता संपली. उरलेल्यांनी सुमारे १०० डॉलर मोजून घरच्या दूरदर्शन संचावर सामना पाहिला. अशी घरे ४६ लाख भरली आणि ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. लढत मात्र निस्तेज झाली. ती संपल्यावर कळले की पॅकियाओचा उजवा खांदा सरावातच दुखावला होता. सामन्यापूर्वी नेवाडाच्या क्रीडा आयोगाला भरून दिलेल्या प्रश्नावलीत खांद्याच्या दुखापतीपुढे ‘नाही’ अशी खूण होती.

चाहते न्यायालयात गेले. २०१७ साली त्यांचे दावे फेटाळले गेले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. निकालाचा मथितार्थ असा की, प्रेक्षकाने सामना पाहण्याचा हक्क विकत घेतला होता, तो सामना त्याला दाखवण्यात आला, तेव्हा त्याला त्याच्या पैशाचा मोबदला मिळाला. अपेक्षाभंग ही कायद्याच्या दृष्टीने हानी नव्हे.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. उद्या प्रत्येक रटाळ सामन्यानंतर दावे होऊ लागले तर न्यायालयांना दुसरे काम उरणार नाही. परंतु या निकालाने या धंद्यातील प्रेक्षकाचे स्थान स्वच्छ दाखवून दिले. पैसा त्याचा, पण सामना कोणाचा व्हावा, कधी व्हावा, पंच कोण असावेत, जमलेल्या पैशाचे काय व्हावे, यांपैकी कशातही त्याला आवाज नाही. श्रमिकांच्या चळवळीत वाढलेल्या माणसाला हे स्थान ओळखीचे वाटावे. कारखान्यात कामगाराचेही स्थान हेच असते.

आता या व्यवहाराच्या मध्यभागी जो बसला आहे त्याच्याकडे वळू. तेथे त्याला प्रमोटर म्हणतात. तो सामना ठरवतो, भांडवल उभारतो, प्रक्षेपणाचे हक्क विकतो आणि मुष्टियोद्ध्याला बिदागी देतो. डॉन किंग हा या वर्गाचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जो फ्रेझियर आणि जॉर्ज फोरमन यांची लढत होती. किंग हा तेथे विजेता फ्रेझियर याच्या गाडीतून गेला आणि फोरमनने फ्रेझियरला लोळवल्यावर नव्या विजेत्याबरोबर परतला. ही कथा तो स्वतःच अभिमानाने सांगत असे. या धंद्याचे सारे अर्थशास्त्र तिच्यात आले आहे. विजेत्याशी लढायचे असेल तर आव्हानवीराने आपल्या पुढील लढतींचे हक्क आधीच प्रमोटरच्या स्वाधीन करावेत, अशी अट करारात घातली जाई. मग रिंगणात कोणीही पडो, प्रमोटर उभाच राहतो.

१९८६ सालच्या जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर जगज्जेता टिम विदरस्पून याने ब्रिटनच्या फ्रँक ब्रुनोला हरवले. हरलेल्या ब्रुनोला सुमारे नऊ लाख डॉलर मिळाले. जिंकलेल्या विदरस्पूनच्या हाती पडले सुमारे नव्वद हजार. त्याचा प्रमोटर डॉन किंग आणि त्याचा व्यवस्थापक किंगचा सावत्र मुलगा! ज्याने प्रमोटरशी घासाघीस करून आपल्या योद्ध्याचे हित पाहायचे, तो प्रमोटरच्याच घरातला. पुढे विदरस्पूनने दावा लावला आणि सुमारे दहा लाख डॉलरांवर तडजोड झाली. खुद्द मुहम्मद अलीला १९८० साली लॅरी होम्सविरुद्धच्या लढतीसाठी ८० लाख डॉलर कबूल केले होते. त्यातले सुमारे १२ लाख किंगने दिले नाहीत. अलीने दावा केला, पण शेवटी ५० हजार डॉलर घेऊन तो मिटवला. तेव्हा त्याची प्रकृती खालावू लागली होती.

चाहत्यांची तक्रार मात्र बहुधा मुष्टियोद्ध्याविषयी असते. तो भित्रा आहे, तो पैशाला हपापला आहे, तो लढत टाळतो, असे ते म्हणतात. मला येथे थांबून आग्रहाने सांगायचे आहे की हा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. दोन योद्धे दोन वेगवेगळ्या प्रमोटरांशी आणि दोन वेगवेगळ्या वाहिन्यांशी बांधलेले असले की त्यांची लढत वर्षानुवर्षे होत नाही. कारण प्रत्येक मालकाला आपला माल दुसऱ्याच्या दुकानात न्यायचा नसतो. प्रेक्षकाला लढत मिळत नाही आणि योद्ध्याला कमाईचे वर्ष मिळत नाही. तोटा दोघांचाही असतो.

मान्यता देणाऱ्या संस्थांची कथाही हीच आहे. जगज्जेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या चार प्रमुख संस्था आहेत आणि वजनगट १७. म्हणजे हिशेबाने एकाच वेळी ६८ जगज्जेते! प्रत्येक संस्था जेतेपदाच्या लढतीवर योद्ध्याच्या बिदागीतून आपला वाटा घेते, तेव्हा पट्टे कमी व्हावेत असे कोणाला वाटणार? १९९५ साली फोरमन आणि अ‍ॅक्सल शुल्झ यांच्या लढतीला मान्यता मिळावी म्हणून आपण एक लाख डॉलर दिल्याची साक्ष प्रमोटर बॉब अ‍ॅरम यांनी पुढे न्यायालयात दिली. मान्यता देणाऱ्या त्या संस्थेचे अध्यक्ष बॉब ली यांच्यावरील संघटित गुन्हेगारीचे मुख्य आरोप सिद्ध झाले नाहीत. परंतु काळा पैसा फिरवणे, करचुकवेगिरी इत्यादी आरोपांवर ते २००० साली दोषी ठरले आणि त्यांना २२ महिन्यांची शिक्षा झाली.

१३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेनॉक्स लुइस आणि इव्हँडर होलिफील्ड यांची लढत बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले. लुइस जिंकला हे सभागृहातील बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले होते. एका पंचाने मात्र होलिफील्डला विजयी ठरवले होते. चौकशा झाल्या आणि नोव्हेंबरात लढत पुन्हा झाली. तीत लुइस जिंकला. एकाच निकालासाठी प्रेक्षकाने दोनदा पैसे मोजले. त्यानंतर वजनदार गटात निर्विवाद जगज्जेता पाहण्यासाठी २०२४ चा मे महिना उजाडावा लागला. ओलेक्सांडर उसिकने रियाध येथे टायसन फ्युरीला हरवले, आणि सुमारे सव्वा महिन्यात चारांपैकी एक पट्टा त्याला सोडावा लागला, कारण त्या संस्थेने नेमून दिलेल्या आव्हानवीराऐवजी तो फ्युरीशी पुन्हा लढणार होता. पाव शतकाची प्रतीक्षा सव्वा महिन्यात संपली!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मेवेदरसारखे योद्धे कोट्यधीश आहेत, त्यांच्यासाठी अश्रू कसले? खरे आहे, त्यांच्यासाठी नकोत. पण शिखरावरच्या मूठभरांखाली हजारो मुष्टियोद्धे आहेत. ते कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. त्यांना बळकट संघटना नाही आणि बहुतेकांना निवृत्तिवेतन नाही. डोक्यावर घेतलेल्या आघातांचा हिशेब त्यांना चाळिशीनंतर द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चार संस्था आणि डझनभर प्रमोटर यांच्या भांडणात खेळ बुडतो, तेव्हा सारे एकाच कंपनीच्या हाती द्यावे, म्हणजे चाहत्यांना हव्या त्या लढती मिळतील, असे आज पुष्कळ चाहते म्हणतात. त्यांचा वैताग मी समजू शकतो. पण हा प्रयोग होऊन गेला आहे. १९५० च्या दशकात जेम्स नॉरिस यांच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबने जेतेपदाच्या लढतींवर मक्तेदारी बसवली होती आणि तिच्या सावलीत फ्रँकी कार्बोसारखे गुंड योद्ध्यांचे भवितव्य ठरवत होते. १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडण्याचा आदेश कायम केला. १९६० साली जेक लामोटाने सेनेटच्या समितीपुढे कबुली दिली की, १९४७ ची एक लढत आपण ठरवून हरलो, कारण जेतेपदाची संधी मिळण्याचा तोच मार्ग होता. आपल्या आखाड्याच्या भाषेत, नुरा कुस्ती ही प्रवेशाची फी होती.

या इतिहासातून २००० साली अलीच्या नावाचा कायदा झाला. प्रमोटर आणि व्यवस्थापक एक असू नयेत, प्रमोटरने लढतीतून मिळालेली रक्कम योद्ध्याला सांगावी, संस्थांनी क्रमवारीचे निकष उघड करावेत, अशी त्याची कलमे आहेत. सरकारी वकिलांनी हा कायदा फारसा वापरलाच नाही. आणि २०२५ च्या जुलैत अलीच्याच नावाने दुसरे विधेयक मांडले गेले. त्यानुसार एकच संघटना लढती भरवील, क्रमवारी लावील आणि पट्टेही देईल. त्याची पाठराखण करणाऱ्या कंपनीच्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या शाखेवर तिच्याच योद्ध्यांनी मक्तेदारीचा दावा लावला होता. तो ३७ कोटी ५० लाख डॉलरांवर मिटला. चाहत्याला या व्यवस्थेत लढती अधिक मिळतीलही. पण जो आज योद्ध्याची बिदागी एकतर्फी ठरवतो, तो उद्या तिकिटाची किंमत एकतर्फी का ठरवणार नाही?

मग मार्ग कोणता? आपल्या जत्रेच्या फडात कुस्तीचे इनाम हजारो लोकांसमोर पुकारले जाते. कोणाला काय मिळणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. हे साधे तत्त्व आहे आणि त्याला फार मोठे भांडवल लागत नाही. अलीच्या कायद्याने हिशेब योद्ध्याला दाखवण्यास सांगितले. तो प्रेक्षकालाही दिसला पाहिजे. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तेथे १९८२ पासून व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आहे आणि तिच्यासाठी तिकिटामागे अल्पशी रक्कम कापून घेतली जाते. रक्कम लहान आहे, पण तिचा अर्थ मोठा आहे. प्रेक्षकाच्या खिशातून निघालेला पैसा मधल्या कोणाच्या कृपेवाचून थेट योद्ध्याच्या म्हातारपणापर्यंत पोहोचू शकतो, हे तिने सिद्ध केले आहे.

न्यायालयाने विचारले होते की प्रेक्षकाने नेमके काय विकत घेतले. आपण त्याला दुसरा प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे: माझे पैसे गेले कोठे? हा प्रश्न ज्या दिवशी बाकांवरचा माणूस आणि रिंगणातला माणूस एकत्र विचारतील, त्या दिवशी मधल्या माणसाला प्रथमच हिशेबाची वही उघडावी लागेल. आणि मित्रहो, तो प्रश्न विचारण्याची सवय एकदा अंगी बाणली, की ती मुष्टियुद्धाच्या रिंगणापुरती राहत नाही.