इंधन-विद्युत्घट आणि आपली वाहने



अंबरनाथ म्हटले की बाहेरच्या माणसाला शिलाहारांचे शिवमंदिर आठवते, आणि आपल्याला आठवतात ते कारखाने. पण याच गावात संरक्षण खात्याची एक संशोधनशाळा आहे : नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी. पाण्याखालच्या पाणबुडीला बाहेरच्या हवेवाचून वीज पुरविणारे यंत्र तिने सिद्ध केले. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स या कंपन्यांचे तिला साहाय्य होते. जमिनीवरचा नमुना ८ मार्च २०२१ रोजी कसोटीला उतरला, आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी ते पाणबुडीत बसविण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. माझा विषय वाहनांचा आहे. पाणबुडीपासून आरंभ का केला, ते ओघात कळेल.

शाळेत आपण पाण्यातून वीज सोडून त्याचा हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळा होताना पाहिला आहे. (हायड्रोजनला पूर्वी आपल्याकडे उद्जन म्हणत, शब्द चांगला होता, पण रुजला नाही.) हीच क्रिया उलटी चालविली तर पाणी तयार होते आणि वीज मिळते. विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील गृहस्थाने १८३९ सालीच हे दाखविले. घटात एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटा होतो. अणूचा उरलेला भाग मधल्या पदार्थातून पलीकडे जातो; इलेक्ट्रॉनला मात्र ती वाट बंद, त्याला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो. त्या वळशावर आपण मोटार बसवायची, की चाक फिरले! पलीकडे प्राणवायूशी गाठ पडून पाणी होते. ज्वाला नाही, धडधड नाही, धूर नाही.

अंबरनाथच्या घटात मधला पदार्थ फॉस्फोरिक आम्ल आहे. मोटारीला पातळ पडद्याचा घट सोयीचा, कारण तो ७० अंशांच्या आसपास काम करतो. पुण्यात केपीआयटी कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये असा घट बसवून मोटार चालवून पाहिली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी बस लोकांपुढे आणली.

तेव्हा घट आपल्याला साधला आहे. अडचण आहे ती वायूची. एक किलो हायड्रोजन साध्या दाबाला सुमारे १२ घनमीटर जागा अडवितो, म्हणजे एक लहानशी खोलीच! म्हणून तो हवेच्या दाबाच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबून भक्कम टाक्यांत भरावा लागतो. पाणबुडीत ही अडचण टाळली आहे : तेथे हायड्रोजन आतच तयार होतो. हे महाग काम आहे, पण शत्रूला चाहूल न लागता पाण्याखाली राहण्यासाठी नौदल तो खर्च सोसते. उल्हासनगरच्या रिक्षात बसणाऱ्याने तो का सोसावा?

आणि हा वायू आणायचा कोठून? आज तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात. नैसर्गिक वायूपासून काढला तरी किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. धूर गाडीमागे न निघता कारखान्यातून निघतो, एवढेच. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हा फरक समजावून सांगायला नको.

पाण्यापासून काढावा म्हटले, तर किलोमागे नऊ लिटरांहून थोडे अधिक पाणी पुरते; त्याने काही बारवीचे धरण आटणार नाही. पण वीज लागते पन्नासाहून अधिक युनिट. मग दाबण्यात काही गेली, घटात निम्मी गेली. चाकापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर सत्तर टक्क्यांहून अधिक चाकाला मिळते. म्हणून स्कूटर आणि रिक्षा यांना माझ्या मते बॅटरीच योग्य. त्यांच्यासाठी हायड्रोजनचे पंप उभारणे म्हणजे पैसा घालविणे होय. गावातल्या गावात फिरणारी बसही रात्री आगारात उभीच असते, तिला तेव्हा वीज भरता येते. लांब पल्ल्याच्या मालट्रकाचे तसे नाही. तो रात्रीही धावतो, त्याला तासन् तास उभे राहणे परवडत नाही, आणि जड बॅटरीने मालाची जागा खाल्ली तर मालक धंदा कशाचा करणार? उन्हाची वीज स्वस्त आणि मुबलक झाली, तर या घटाचा पहिला प्रयोग तेथे करून पाहावा.